बुद्ध्यंक की बुद्ध्यांक? आणि ९० म्हणजे किती?

अमळनेरच्या एका शिक्षिकांनी विचारलंय: आयक्यूला (IQ) मराठीत बुद्ध्यंक, बुद्ध्यांक, बुद्धिगुणांक यांतलं बरोबर कोणतं? शिवाय एका मुलाच्या बुद्धिमापन कसोटीच्या अहवालात आकडा ९० आहे. वडील खूश: "शंभरातले नव्वद! मन्हा आंडोर हुशार शे ना?" (अहिराणीत: माझा मुलगा हुशार आहे ना?) त्यांना काय सांगायचं?

लेखनाचं आधी उरकू. बुद्धि + अंक = बुद्ध्यंक, जसं अति + अंत = अत्यंत. 'बुद्ध्यांक' हे क्रमांक, दिनांक यांच्या वळणावर गेलेलं रूप. तिथे अ + अ मिळून आ होतो. इथे आधी इ आहे. छापलेलं सर्रास दिसतं, तरी चूकच.

'बुद्धिगुणांक' व्याकरणात बसतो, पण घोटाळाही तोच करतो. गुण म्हटलं की आपल्याला मार्कच आठवतात! मूळ हिशेब मात्र भागाकाराचा. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये कसोटी बनवली. पुढे १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं आणि १९१६ मध्ये अमेरिकेतल्या टर्मन यांनी त्याला १०० ने गुणलं. दहा वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांच्या मुलांइतकंच जमलं, की ९ भागिले १० गुणिले १००, म्हणजे ९०.

मोठ्यांना हे लागू पडेना. चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय काय धरणार? म्हणून १९३९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांनी भागाकारच सोडला. आता समवयस्कांची सरासरी १०० धरतात, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, १५. साधारण दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. या हिशेबाने ९० म्हणजे शंभर समवयस्कांत पंचवीसेक जण मागे, बाकीचे पुढे. टक्के नव्हेत आणि मुलगा 'ढ'ही नव्हे.

वडिलांना हे सांगताना एक गोष्ट जरूर विचारा: कसोटी कुठल्या भाषेत घेतली? आपल्याकडे कामत नावाच्या अभ्यासकांनी १९३० च्या दशकात बिनेची कसोटी मराठी-कानडी मुलांसाठी बेतली, कारण नुसतं भाषांतर पुरत नाही. घरात अहिराणीतलं आंडोर-आंडेर (मुलगा-मुलगी) ऐकून वाढलेलं पोर 'कन्या'चा अर्थ विचारल्यावर अडखळलं, तर त्यात बुद्धी मोजली की पुस्तकी मराठी? म्हणून शब्दांचे आणि आकृत्यांचे गुण वेगवेगळे बघा. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर एकट्या ९० वर विसंबू नका.

आणि लिहिताना 'बुद्ध्यंक ९०' एवढंच. पुढे टक्क्याचं चिन्ह नको.