छळ आणि गरिबी असलेल्या भागांतल्या स्थानिक ख्रिस्ती मिशनऱ्यांना मदत कशी करावी?

थेट एखाद्याच्या खात्यावर पैसे पाठवू नका. परदेशातून आलेली रक्कमच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. डच मिशनरी ब्रदर अँड्र्यू यांच्या १९५५ मधल्या पोलंड दौऱ्यातून उभी राहिलेली, छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना मदत करणारी ओपन डोअर्स ही संस्था किंवा तिथल्या मंडळीला ओळखणारं एखादं चर्च, अशा मार्गाने द्या. हिशेब मागायला मात्र लाजू नका.

स्थानिक सेवकाला भाषा, रस्ते, माणसं ठाऊक असतात. त्याचं अडतं ते साध्या गोष्टींवर: सायकल, मुलांची फी, अटक झाली तर वकील, घर जाळलं तर महिनाभराचं धान्य. (धान्य शेजाऱ्यांनाही मिळावं, नाहीतर धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप ठरलेलाच.) एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहा थोडं, पण न चुकता द्या.

आणि कृपा करून त्यांचे फोटो, गावाचं नाव फेसबुकवर टाकू नका. उत्तर कोरियात नुसतं बायबल सापडणंही जिवावर बेततं.