‘गोल खाणे’ : दोष नेमका कोणाचा?

प्रश्न कॅनडातल्या मिसिसागाहून आला आहे. विचारणाऱ्या बाईंच्या घरी मेपल लीफ्स या टोरांटोच्या आइस हॉकी संघाची मॅच म्हणजे सगळ्यांनी हातातली कामं टाकून बसायचं. १८ मे २०२५ ला लीफ्स फ्लोरिडा पँथर्सविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना टोरांटोत, घरच्याच मैदानावर ६-१ असा हरले. सोफ्यावरून उठता उठता सासरे म्हणाले, “गोलीनं सहा खाल्ले. संपलं.” चौदा वर्षांचा नातू स्वतः रिंकवर गोली, म्हणजे गोलरक्षक, म्हणून उभा राहतो. तो एकदम उसळला : “आजोबा, त्याने नाही खाल्ले! डिफेन्स कुठे होता?” तिथून गाडी कोचवर गेली आणि जेवणं थंड झाली.

बाईंचे तीन प्रश्न आहेत. ‘गोल खाणे’ हे मराठी आहे की हिंदीतून आलेलं? त्यात गोलीला दोष दिला जातो का? आणि ‘सॉफ्ट गोल’ला मराठीत काय म्हणायचं, कारण ‘मऊ गोल’ म्हटलं की मुलगा हसतो.

पहिल्याचं उत्तर : मराठीच आहे, बिनधास्त वापरा. हिंदीत गोल खातात हे खरं, बंगालीतही खातात. पण म्हणून आपण तो उसना आणला असं होत नाही. ज्या भाषेत माणूस मार खातो, त्या भाषेत तो गोलही खाणारच. जोडी कशी जमली आहे पाहा. समोरचा गोल ‘मारतो’, म्हणून आपण तो ‘खातो’. मारणाऱ्याचं क्रियापद ठरलं की सोसणाऱ्याचं आपोआप ठरतं. मी कोल्हापुरात वाढलो. शाहू स्टेडियमवरून फुटबॉल बघून परत येताना कोपऱ्यावर कोणीतरी हमखास हटकायचं, “किती मारले, किती खाल्ले?” स्कोअर विचारायला याहून आटोपशीर वाक्य मला आजवर सापडलेलं नाही. वर्तमानपत्रं अलीकडे ‘गोल स्वीकारला’ लिहितात. मला ते अजिबात पटत नाही. स्वीकारतात ते निमंत्रण, पुरस्कार, पदभार. गोल कोणी स्वीकारत नाही.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा आहे आणि तुमचा मुलगा का दुखावला ते त्यातच आहे.

‘खाणे’ची मराठीत दोन निराळी घराणी आहेत. एका घराण्यात मार खाणे, बोलणी खाणे, शिव्या खाणे, धक्के खाणे, गटांगळ्या खाणे. इथे वाक्याचा कर्ता खाणारा असतो, पण करणी दुसऱ्याची असते. मास्तरांनी मारलं, पोरानं मार खाल्ला. यात पोराची चूक होती की नव्हती, हे ‘खाल्ला’ सांगतच नाही. दुसऱ्या घराण्यात पैसे खाणे, भाव खाणे, वेळ खाणे, डोकं खाणे. इथे करणी खाणाऱ्याचीच असते आणि बोल लागतो तोही त्यालाच.

‘गोल खाणे’ हे पहिल्या घराण्यातलं आहे. आजोबा मराठीत वाढलेले, त्यांच्या कानाला तो मार खाल्ल्यासारखाच लागतो. नातवाची दिवसभराची भाषा इंग्रजी. त्यानं ‘पैसे खाल्ले’ जास्त वेळा ऐकलं असेल, त्याला ते आरोपासारखं लागलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एक दुरुस्ती मी आजोबांना आदरानं सुचवीन. आमच्या कोपऱ्यावरच्या ‘किती खाल्ले?’मध्ये ‘तुम्ही लोकांनी’ हे गृहीत असायचं. गोल संघ खातो. ‘आपण सहा खाल्ले’ म्हणा, कोणी तक्रार करणार नाही. ‘गोलीनं सहा खाल्ले’ म्हटलं की बर्फावरची बाकीची पाच माणसं वाक्यातून गायब होतात.

शिवाय त्या रात्री गोलीनं सहा खाल्लेलेही नाहीत. सहावा गोल पँथर्सच्या ब्रॅड मार्शँडनं मोकळ्या जाळ्यात मारला. हरणारा संघ शेवटच्या मिनिटांत गोलीला बाहेर घेऊन एक जादा आक्रमक उतरवतो, तशा वेळचा तो गोल. लीफ्सचा गोली जोसेफ वोल तेव्हा जाळ्यापुढे नव्हताच. लीगच्या हिशेबातही असा गोल गोलीच्या नावावर धरत नाहीत, त्याच्या सरासरीत तो येत नाही. म्हणजे गोली खातो ते वेगळे आणि संघ खातो ते वेगळे, हा भेद आकडेमोडीनंही मानलेला आहे. मुलाला हे नक्की सांगा.

पण दोष द्यायचाच असेल, आणि हरल्यावर तो द्यावासा वाटतोच, तर मराठीजवळ त्यासाठी फार नेमकं साधन आहे. क्रिकेटमधून सगळ्यांना माहीत असलेली जोडी घ्या : झेल सुटला, झेल सोडला. घटना एकच. ‘सुटला’ म्हटलं की झेलाचं काहीतरी झालं, ‘सोडला’ म्हटलं की माणसानं केलं. आणि दोन्हींच्या मधली एक पायरी आहे, तिच्यावर माझा विशेष जीव आहे : ‘त्याच्या हातून झेल सुटला’. माणूस वाक्यात आहे, हात त्याचेच आहेत, पण हेतू नाही, निष्काळजीपणाही नाही. ‘चूक झाली’, ‘त्याच्या हातून चूक झाली’, ‘त्यानं चूक केली’ या तीन वाक्यांत जितकं अंतर आहे, तितकंच इथे आहे. इतक्या बारीक मापानं दोष मोजणारी सोय हाताशी असताना आपण हॉकीवर बोलताना ती वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘झेल सुटला’वरून सरळ ‘गोल सुटला’ म्हणू नका. त्याचा अर्थ आक्रमकाची संधी हुकली असा होतो, अगदी उलटा. गोलीकडून सुटतो तो फटका : ‘त्याच्या हातून फटका सुटला आणि गोल झाला’.

आता हे बर्फावर लावून पाहू. जाळं सहा फूट रुंद, चार फूट उंच. पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती, तीन इंच व्यासाचा, इंचभर जाड, कडक रबराचा. समजा निळ्या रेषेवरून, म्हणजे लांबून, विरोधी बचावपटूनं फटका मारला. गोलीच्या पुढ्यात विरोधी संघाचा एक दांडगा खेळाडू पाठ करून उभा आहे, त्याला हटवायला गेलेला आपला बचावपटूही तिथेच आहे. गोली मान डावीकडे काढतो, उजवीकडे काढतो, वाकून त्यांच्या पायांतून बघतो. पक त्याला दिसतो तो जाळ्यात गेल्यावर. इंग्रजी समालोचक याला ‘स्क्रीन’ म्हणतात आणि कोणीतरी मराठीत ‘पडदा’ लिहितं. पडद्याची गरज नाही, आपला ‘आडोसा’ आहे. ‘गोलीपुढे आडोसा केला’ म्हटलं की चित्र उभं राहतं. या प्रसंगात गोलीला ‘सोडला’ लावणं अन्याय आहे. इथे ‘गोल बसला’ म्हणावं, जसा फटका बसतो, मार बसतो.

दुसरा प्रसंग. पहिला फटका गोलीनं पॅडवर अडवला, पक उसळून समोर पडला, तिथे विरोधी खेळाडू एकटा. त्यानं नुसता ढकलला. इथे सुटला आहे तो पक नव्हे, माणूस सुटला आहे. बचावाच्या गप्पांत मराठीला सर्वात चांगलं वाक्य इथेच मिळतं : ‘जागा धरली, माणूस सोडला’. गोलसमोरची जागा राखायची की आपापला माणूस धरायचा, हा हॉकीच्या बचावातला जुना वाद आहे आणि या चार शब्दांत तो मावतो. उसळून आलेल्या पकाला आमच्या गप्पांत ‘उसळी’ म्हणतात : “पहिला अडवला, उसळीवर खाल्ला.” इथे ‘खाल्ला’ चोख बसतो.

तिसरा प्रसंग म्हणजे तुमचा ‘सॉफ्ट गोल’. लांबून, कोनातून, कोणी आड नसताना आलेला फटका गोलीच्या काखेखालून आत. याला ‘सोपा गोल’ म्हणू नये, कारण सोपा कोणाला? वरच्या उसळीचा गोल मारणाऱ्याला अगदी सोपा होता, पण गोलीला त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. सॉफ्ट गोलमध्ये नेमकं उलटं असतं : मारणाऱ्याला तो होईल असं वाटलेलंही नसतं. ‘फुसका गोल’ ऐकला आहे. पण फुसका असतो तो फटका, बार फुसका निघावा तसा. गोल झाला तो फळ्यावर पूर्ण एक म्हणूनच लागतो. माझ्या मते बोलताना ‘फुकटचा गोल’ म्हणावं, लिहिताना ‘अडवण्याजोगा गोल’. ‘-जोगा’ या प्रत्ययात ‘अडवायला हवा होता’ ही हळहळ पुरेपूर येते, शिवी न येता. आणि गोलीच्या बाबतीत ‘सोडला’ हे क्रियापद राखून ठेवायचं ते एवढ्या एका प्रसंगासाठी.

मुलाला गोलीपणाच्या इतिहासातली एक गोष्ट आवडेल. सुरुवातीला गोलीनं पक अडवायला बर्फावर गुडघे टेकले की शिक्षा व्हायची. क्लिंट बेनेडिक्ट नावाचा गोली तरीही पडायचाच, जणू प्रार्थनेला गुडघे टेकतो आहे असा. अखेर १९१८ मध्ये एनएचएलनं, म्हणजे लीफ्स खेळतात त्याच लीगनं, नियमच बदलला. आणि १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका तोंडावर बसल्यावर मॉन्ट्रियलचा गोली जाक प्लांत टाके घालून मुखवटा चढवून परत जाळ्यात उभा राहिला. त्यानं जे खाल्लं त्याला ‘मार’च म्हणतात, आणि त्यात त्याचा दोष होता असं कोणी म्हणणार नाही. ‘गोल खाणे’ याच वळणाचं आहे.

राहिला कोच. ‘प्रशिक्षक’ हा शब्द वर्तमानपत्रात चालतो, पण तो शिकवण्यापुरता आहे. त्या रात्री लीफ्सचा कोच होता क्रेग बेरूबी. सामना चालू असताना बाकामागे उभा राहून कोणाला कधी उतरवायचं, गोली कधी बाहेर घ्यायचा हे कोच ठरवतो. याला मराठीत अचूक क्रियापद आहे : खेळाडू खेळतात, कोच ‘खेळवतो’. म्हणून ‘वाईट खेळले’ आणि ‘वाईट खेळवले’ ही दोन वेगळी मतं आहेत आणि त्या रात्री तुमच्या टेबलावर बहुधा याच दोन मतांचं भांडण चाललं होतं. तसंच ‘मॅच गेली’ आणि ‘मॅच घालवली’. ‘कोचनं हरवलं’ मात्र टाळा, तो विरुद्ध संघाचा कोच वाटतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या रात्री गोली खूप नंतर येतो. मालिकेच्या पहिल्या सामन्यात लीफ्सचा दुसरा गोली अँथनी स्टोलार्झ दुखापतीनं बाहेर गेला आणि मालिका वोलच्या अंगावर पडली. लीफ्स २-० नं पुढे होते, तिथून ४-३ नं मालिका गेली. पाचवा सामनाही घरीच, तोही ६-१. सातव्यात दुसऱ्या सत्रात तीन बसले, तिसऱ्याच्या सुरुवातीला लीफ्सच्या मॅक्स डोमीनं एक फेडला आणि मिनिटभरातच चौथा बसला. याला मराठीत ‘खाणे’चाच तिसरा प्रकार आहे, जिथे समोरच्यानं काही द्यावं लागत नाही, माणूस आतूनच खातो : कच खाणे, हाय खाणे. २०१३ पासून त्या रात्रीपर्यंत लीफ्सनी मालिकेचा सातवा सामना सात वेळा खेळला आणि सातही वेळा हरले. गोली बदलले, कोच बदलले, बचावफळ्या बदलल्या. तेव्हा आजोबांना म्हणावं, ‘खाल्ले’ हेच क्रियापद ठेवा, फक्त कर्म बदला : संघानं कच खाल्ली.

आता माझाच एक प्रश्न. गोलीच्या दोन पायांमधल्या फटीला इंग्रजीत ‘फाइव्ह होल’ म्हणतात, तिथून गेलेल्या गोलला मी ‘पायांतून गेला’ म्हणतो. तुमच्या मुलाच्या संघात दुसरी मराठी मुलं असतील, तर बाकावर बसल्यावर ती आपसात काय म्हणतात ते त्याला विचारून कळवाल का?