भेळवाल्याला दोष देण्याआधी भाताच्या टोपात चमचा खुपसून पाहा

आपला प्रश्न दोनदा वाचला. आपण मार्चमध्ये नाशिकहून मुंबईत आलात, गिरगावात एका खोलीत राहता, ओटा आणि अंथरूण यांत चार हातांचे अंतर आहे, मे महिन्यात गॅस पेटवणे जिवावर येते, आणि तीन आठवड्यांत दोनदा पोट बिघडल्यामुळे भेळ, वडापाव, सँडविच असे बाहेरचे सगळे खाणे आपण बंद केले आहे. ओट्यापाशी कमीत कमी वेळ उभे राहून काय करता येईल आणि रस्त्यावरचे खाणे कायमचे सोडावे का, असे आपण विचारले आहे. माझी नजर मात्र आपण सहज लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी अडकली : ‘सकाळी घाई असते, म्हणून रात्रीचाच भात फोडणीला टाकतो.’

हे वाक्य वाचून मला माझी लोअर परळची खोली आठवली. मी डॉक्टर नाही आणि आपले दुखणे नेमके कशामुळे झाले हे येथून सांगता येणार नाही; पण माझी जी चूक झाली ती आपल्या हातून होत असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हात धुणे, पाणी उकळणे, भाज्या स्वच्छ करणे हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो.

मी २०१३ साली साताऱ्याहून नोकरीसाठी आलो. आमच्या घरी रात्रीचा उरलेला भात टोपात झाकून ठेवायचा आणि सकाळी मोहरी, हिंग, मिरची, शेंगदाणे घालून परतायचा, ही वर्षानुवर्षांची रीत होती आणि त्याने कोणाला कधी काही झाल्याचे मला आठवत नाही. तीच रीत मी मुंबईत चालवली. खोलीत छोटा फ्रिज होता, पण गरम वस्तू आत ठेवली की फ्रिज बिघडतो हे लहानपणापासून ऐकलेले, त्यामुळे भात निवल्यावर ठेवू असे म्हणून मी टोप ओट्यावर ठेवत असे आणि तो सकाळपर्यंत तिथेच राहत असे. मे महिन्यात एका सकाळी कार्यालयात पोचल्यावर अकराच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी ‘बाहेरचे काय खाल्ले?’ एवढा एकच प्रश्न विचारला, मी आदल्या संध्याकाळची भेळ सांगितली आणि आमच्या दोघांचेही समाधान झाले. मुंबईत पोट बिघडले की हा एकच प्रश्न विचारला जातो. घरी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, ते रात्रभर कुठे होते, हे कोणी विचारत नाही.

दहा दिवसांनी तेच पुन्हा झाले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. स्टेशनबाहेरच्या त्या भेळवाल्याला मी चार लोकांसमोर बोललो, कार्यालयातल्या सगळ्यांना त्याच्याकडे जाऊ नका म्हणून सांगितले, आणि एवढ्यावर न थांबता एका सरकारी कार्यालयात लेखी तक्रारही द्यायला गेलो. ते कार्यालय कोणते हे सांगत नाही. त्यांनी मला तीन दिवसांत तीन टेबलांवर फिरवले, अर्जाची प्रत मागितली, मग ओळखपत्राची प्रत मागितली, मग संबंधित साहेब दौऱ्यावर असल्याचे सांगितले. माझे दोन दिवसांचे वेतन त्यात गेले. पुढे खरा प्रकार कळल्यावर तक्रार मागे घेण्यासाठी गेलो, तर ती नोंदलीच गेली नव्हती. दिरंगाईबद्दल कोणत्याही कार्यालयाचे मी आभार मानले असतील तर ते त्या एकाच वेळी.

खरा प्रकार कळला तो तिसऱ्या खेपेला. तोवर मी बाहेरचा घाससुद्धा तोंडात न घालता सव्वीस दिवस काढले होते. रविवारी सकाळी नऊला फोडणीचा भात खाल्ला आणि साडेअकराला चाळीच्या सामाईक न्हाणीघरात भिंतीला धरून उभा होतो. शेजारच्या काकू रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरी करून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी भेळेचा विषयच काढला नाही. ‘रात्रीचा भात कुठे ठेवला होतास रे?’ एवढे विचारले. ओट्यावर, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे असला भात कोणी पेशंटला वाढला असता तर त्याची नोकरी गेली असती.’

नंतर मी वाचले आणि चारदोन जाणकारांना विचारले, त्यातून समजले ते असे. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू बहुधा असतातच आणि भात शिजवल्याने ते मरत नाहीत. भात साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात राहिला की ते रुजतात, आणि ३० अंशांच्या आसपास तर जोमाने वाढतात. वाढताना त्यांतले काही प्रकार उलटी घडवणारे एक विष तयार करतात, आणि माझ्या अज्ञानाचे मूळ येथेच होते : हे विष उकळत्या तापमानालाही नष्ट होत नाही. फोडणी कितीही कडकडीत दिली, भात कितीही खरपूस परतला, तरी जिवाणू मरतील आणि विष तसेच राहील. भाताला वास येत नाही, तो चिकट होत नाही, चवही बदलत नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. माझ्या तिन्ही खेपांना नाश्ता आणि उलटी यांत दोन ते तीन तासांचे अंतर होते, हे मी आधी एकदा जरी कागदावर मांडले असते तरी त्या भेळवाल्यावर ओरडलो नसतो.

मग साताऱ्यात हे का झाले नाही? माझ्या समजुतीप्रमाणे कारण रात्रीच्या हवेत आहे. साताऱ्याला काय किंवा आपल्या नाशिकला काय, उन्हाळ्यातही रात्री हवा उतरते. मुंबईत मे महिन्यात रात्रीचे किमान तापमानही २७ अंशांच्या आसपास असते आणि बंद खोलीत, नुकत्याच विझवलेल्या गॅसशेजारी, ते त्याहून जास्तच. काकूंच्या सांगण्यावरून मी एकदा रात्री साडेआठला केलेल्या भाताच्या टोपात बारा वाजता चमचा खुपसून पाहिला. वरचा थर कोरडा आणि गार होता; चमचा मध्यावर गेला तसा तो कोमट लागला आणि बाहेर काढल्यावर त्याला चिकटलेली शिते हाताला उबदार लागली. साडेतीन तासांनंतरही टोपाच्या पोटात ऊब होती, आणि सकाळपर्यंत ती तशीच राहणार होती.

तेव्हा उरलेला भात ठेवायचा असेल तर जेवण झाल्याबरोबर तो परातीत पातळ पसरावा, पंख्याखाली पंधरावीस मिनिटे निववावा, आणि शिजल्यापासून तासाभराच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. किंचित कोमट असला तरी हरकत नाही, त्याने फ्रिज बिघडत नाही. सकाळी एकदाच, वाफा निघेपर्यंत परतावा आणि त्यातला उरलेला पुन्हा ठेवू नये. माझे मत विचाराल तर मे महिन्यात भात उरवूच नये. अर्धी वाटी तांदळाचा कुकर दहा मिनिटांत होतो, आणि आजारपणात गेलेली रजा त्याहून बरीच महाग पडते.

आता आपला पहिला प्रश्न. मी सकाळी सातच्या आत गॅसचे काम संपवतो : एका कुकरमध्ये खाली तुरीची डाळ आणि वर दोन कैऱ्या. डाळीचे साधे वरण होते, आणि उकडलेल्या कैरीचा गर काढून त्याच्या दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घातली की फ्रिजमध्ये आठवडाभर टिकणारे पन्हे तयार होते. संध्याकाळी घरी आल्यावर गॅसकडे पाहायचेसुद्धा नाही. त्या वेळेसाठी माझ्या मते दडप्या पोह्यांच्या तोडीचा पदार्थ नाही. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, खवलेला ओला नारळ, लिंबू, मीठ, साखर आणि नारळाचे थोडे पाणी हाताने कालवावे, वर चमचाभर तेलाची मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी ओतावी, आणि ताट झाकून त्यावर खलबत्ता किंवा जड काहीतरी ठेवून वीस मिनिटे दडपून ठेवावे. गॅस लागतो तो फोडणीपुरता, दोन मिनिटे. पोहे भिजवू मात्र नयेत. कांद्याच्या आणि नारळाच्या ओलीवरच ते मऊ व्हायला हवेत, नाहीतर लगदा होतो. ओला नारळ या हवेत लवकर खराब होतो, त्यामुळे दडपे पोहे आणि सोलकढी केल्या बैठकीला संपवावी. आंबेडाळीचेही तसेच : भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कैरी भरड वाटून केलेली आंबेडाळ चैत्रातल्या हळदीकुंकवाला ताजी असते म्हणून चालते, दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायची ती वस्तू नव्हे. रात्री उशीर झाला तर ताक, मेतकूट आणि सकाळची भाकरी यांच्यावरही माझे उत्तम भागते, फक्त मेतकुटाला भात हवासा वाटेल तेव्हा तो ताजा करावा.

बाहेरचे खाणे सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत राहून भेळ न खाणे म्हणजे चौपाटीवर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसणे. फक्त विस्तव आणि तोंड यांच्यामधले अंतर पाहावे. कढईतून समोर निघालेला वडा मी बिनधास्त खातो, पण पातळ हिरवी चटणी नको म्हणतो आणि सुकी लसणीची चटणी जास्त मागतो, कारण हिरवी चटणी न शिजवलेली असते आणि तिच्यात कुठले पाणी आहे हे आपल्याला दिसत नाही. चिंच-गुळाची चटणी बहुधा उकळलेली आणि आंबट असते, तिचा धोका त्यामानाने कमी. सुकी भेळ मला सगळ्यांत सुरक्षित वाटते : कुरमुरे आणि शेव कोरडे, लिंबू समोर पिळलेले, फक्त कांदा आणि कैरी समोर चिरून घ्यायला सांगावे. सँडविचमध्ये मला शंका येते ती सकाळपासून काप करून ठेवलेल्या उकडलेल्या बटाट्याची. टोस्ट केल्याने पाव भाजतो, आतला बटाटा जेमतेम कोमट होतो. पाणीपुरी मी खातो, पण ओळखीच्या एकाच ठिकाणी, आणि याला तर्क नाही हे मान्य करतो.

उन्हाळ्यातला खरा शत्रू बर्फ आहे. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळसर रंगवण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तरीही गोल्याच्या गाडीवर रंगीत सरबत ओतल्यावर काय दिसणार? काला खट्टा खायचाच असेल तर बर्फ किसताना त्याच्याकडे पाहावे. उसाचा रस बिनबर्फाचा मागावा, चरकात घालण्याआधी ऊस धुतलेला आहे का हे बघावे. ताडगोळे सोललेले आणि पिशवीत पाणी घालून ठेवलेले घेऊ नयेत. सालासकट घेऊन घरी सोलावेत. सोलताना नखे काळपट होतात, पण आतले पाणी सांडले नाही तर तेवढे सोसण्यासारखे आहे.

पुन्हा त्रास झाला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट घ्यावे. माप चुकवू नये, मीठ जास्त झाले तर उलट अपाय होतो. ताप आला, रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर माझे किंवा येथील कोणाचेही उत्तर वाचत न बसता डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी ‘बाहेरचे काय खाल्ले?’ असे विचारले तरी घरचेही सांगावे.

आपल्या दोन्ही आजारपणांच्या वेळा आठवून येथे लिहिल्यात तर बरे होईल : आदल्या रात्री भात किती वाजता केला, सकाळी किती वाजता खाल्ला आणि त्रास किती वाजता सुरू झाला. अंतर सहा तासांच्या आतले असेल आणि मुख्य त्रास उलटीचा असेल, तर माझा संशय भातावरच राहील. अंतर त्याहून बरेच जास्त असेल किंवा उलटीपेक्षा जुलाब आणि ताप अधिक असेल, तर इमारतीच्या पाण्याच्या टाकीची सफाई शेवटची कधी झाली ते आधी विचारा.