दुसरी खेप कोण करणार?

प्रिय पोरी,

सलाम.

तुझं पत्र रात्री वाचलं आणि मग झोप लागलीच नाही. हातात कमर्शियल पायलटचं लायसन्स, एका एअरलाइनचं बोलावणं, आणि दुसरीकडे पॅसिफिकमधल्या बेटांवर ख्रिस्ताच्या सुवार्तेसाठी विमानसेवा सुरू करू पाहणारा तो छोटासा गट. त्यांना जुनं आयलंडर विमान दान मिळालंय आणि तू हो म्हणालीस तर मोसम बदलताच पहिलं उड्डाण. 'काका, हे देवाचं पाचारण आहे की माझ्या मनाचे खेळ?' असं तू विचारतेस. ते प्रार्थनेत तुझं तुलाच उमगेल, त्यात मी लुडबुड करणार नाही. तुझ्या बाबांचा रागही निवळेल. मी अस्वस्थ झालो ते वेगळ्याच गोष्टीने. एवढ्या लांबलचक पत्रात पहिल्या खेपेचं वर्णन दोन पानं आहे, आणि दुसऱ्या खेपेबद्दल एक अक्षर नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: दुसऱ्या खेपेची सोय झाल्याशिवाय पहिली खेप करू नये. दुसरी म्हणजे पुढच्या आठवड्याची, पुढच्या वर्षीची, तू लग्न करून किंवा आजारी पडून परत आल्यानंतरची.

तू वास्कोत वाढलीस. पावसाळ्यात बायणाला अंगणात ठेवलेल्या स्कूटरच्या चेनचं काय होतं ते तुला सांगायला नको. प्रवाळबेटांवर तो खारा वारा बारा महिने असतो आणि विमान ॲल्युमिनियमचं असतं. गंज बाहेरून दिसतच नाही. तो रिव्हेटच्या डोक्याखाली, पत्र्याच्या जोडात धरतो, आणि रंग फुगून आला की समजायचं, आत बरंच खाऊन झालंय. उपाय साधा आहे, विमान गोड्या पाण्याने धुवायचं. पण सखल बेटांवर गोडं पाणी म्हणजे छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी, लोकांच्या पिण्याचं. ते तू विमानावर ओतणार का? म्हणजे धुण्याची सोय मुख्य तळावरच हवी, आणि रोज विमानाने संध्याकाळी तिथे परतायला हवं. बघ, एका बादली पाण्यावर सगळं वेळापत्रक ठरतं.

इंधनाचंही तसंच. कोचीला नेव्हीत मी आयलंडरवरच हात बसवला, त्यामुळे त्या विमानाबद्दल मला माया आहे. १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन इंजिनांचं, न दुमडणाऱ्या चाकांचं, आखूड खडबडीत पट्टीवर उतरणारं गुणी विमान. पण त्याची पिस्टन इंजिनं एव्हगॅसवर, म्हणजे विमानाच्या खास पेट्रोलवर चालतात. जेटचं इंधन जगभर मिळतं, एव्हगॅस बेटांवर ड्रमांतून जहाजाने आणावं लागतं, आणि जहाज महिनामहिना येत नाही. याच अडचणीपायी मिशनचं काम डोळ्यांसमोर ठेवून कोडियाक हे जेट इंधनावर चालणारं विमान मुद्दाम बनवलं गेलं. शिवाय लहान बेटावर इंधन भरता येत नाही, म्हणून परतीचंही मुख्य तळावरूनच न्यायचं. पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियात याप बेटावरून उलिथी बेट सुमारे १९० किलोमीटर आहे. परतीच्या इंधनाचं जेवढं वजन, तेवढी माणसं, तेवढा तांदूळ कमी. तुझ्या त्या मित्रांनी हे गणित मांडलंय का? मांडलं असेल तर तुझ्या पत्रात ते का नाही?

मी तिकडे बेटांवर मेकॅनिक म्हणून गेलो तेव्हा एका बेटावरची बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करायची होती. आमच्या आधी एक उत्साही गट तिथे येऊन गेला होता. फार चांगली, प्रार्थनेची माणसं. त्यांनी दर आठवड्याला येऊ असा शब्द दिला. विमान येतंय म्हटल्यावर गावाने आपली जुनी मोटरबोट विकून टाकली. मग इंजिनांचे तास भरले, ती पूर्ण उघडून दुरुस्त करायला, म्हणजे ओव्हरहॉलला, पैसे नव्हते, सेवा थांबली. बोट नाही, विमान नाही. तरी लोक धावपट्टीवरचं गवत कापत राहिले. आम्ही उतरलो तेव्हा गावचा म्हातारा जवळ आला, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, 'या वेळी किती दिवस?' त्या माणसाला आता कोणी प्रभूच्या विश्वासूपणाबद्दल कसं सांगायचं? ज्यांनी सांगितलं, त्यांनीच शब्द मोडला होता. सुवार्ता विमानातून उतरणाऱ्याच्या तोंडून जेवढी जाते, तेवढीच ठरल्या दिवशी विमान आलं की नाही यातूनही जाते. हे तुला पटतं हे मला माहीत आहे, पण पटणं आणि हिशेब करणं वेगळं.

आपण प्रॉटेस्टंट असलो तरी गोव्यात राहून गोंयच्या सायबाकडून शिकायला लाजू नये. फ्रान्सिस झेवियर १५४२च्या मे महिन्यात इथे उतरले आणि १५४६मध्ये थेट आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्काच्या बेटांवर पोहोचले. तिथून निघाल्यावर त्यांनी काय केलं? आपल्यामागे त्या बेटांवर दुसरे धर्मगुरू धाडले. झेवियरांचं धाडस सगळे सांगतात, ही मागची व्यवस्था कोणी सांगत नाही.

तुला नेट सेंट माहीत आहे, तुझ्या पिढीतल्या प्रत्येक मिशन-पायलटच्या भिंतीवर त्याचा फोटो असतो. ८ जानेवारी १९५६, इक्वेडोर, त्याच्यासह पाच मिशनऱ्यांचं बलिदान. पण तो मिशनच्या विमानांकडे आला कसा? १९४६मध्ये मेक्सिकोत मिशन एव्हिएशन फेलोशिपचं पहिलं विमान मोडून पडलं होतं. बेटी ग्रीनने, एका बाईने, ते त्याच वर्षी तिकडे नेलं होतं, हेही लक्षात ठेव. ते दुरुस्त करायला जो मेकॅनिक गेला, तो नेट सेंट. हातात पाना घेऊन त्याची सेवा सुरू झाली. तुझ्या गटात पाना कोणाच्या हातात आहे?

आता एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या बाबांनाही नीट ठाऊक नाही. नाताळच्या आठवड्यात मी आमचं विमान जमिनीवर ठेवलं होतं. शेपटीच्या कंट्रोल केबलवरून कापड फिरवताना ते अडकलं, म्हणजे केबलची बारीक तार तुटली होती. एकच ठिकाण, पुलीजवळ. पायलट म्हणाला, एवढ्याने काही होत नाही, चार दिवसांनी बदलू. बदली केबल स्टोअरमध्ये नव्हती, कारण तो पैसा नव्या बेटाच्या पहिल्या उड्डाणावर खर्च झाला होता. विमान उडायला योग्य आहे अशी सही मी केली नाही. त्या बेटावर नाताळची आराधना पाळकाविना झाली. माडावरून पडलेला एक मुलगा बोटीने आला, उशिरा, आणि त्याचा पाय वाकडाच जुळला. मला दोष देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मी आजही सही करणार नाही. समुद्रावर केबल तुटली असती तर पायलट गेला असता, विमान गेलं असतं, आणि त्या बेटांवर मग कोणाचाच पाय कधी जुळला नसता. तो मुलगा अधूनमधून माझ्या प्रार्थनेत येतो. पण दोष सहीचा नव्हता. दोष त्या रिकाम्या कप्प्याचा होता, आणि कप्पा रिकामा झाला तो पहिल्या खेपेच्या हौसेने.

म्हणून दानात मिळालेलं विमान म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. विमान द्यायला देणगीदार मिळतो, त्याचा फोटो निघतो. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोसाठी, टायरसाठी, मेकॅनिकच्या पगारासाठी आपल्या कमाईचा दशांश देणारा मिळवणं, हे खरं मिशन. तसल्या इंजिनाचं ओव्हरहॉल साधारण २००० तासांवर येतं. प्रत्येक उड्डाणतासामागे त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला पडायला हवेत, नाहीतर ते विमान तुम्ही चालवत नाही, खाताय.

हे जमत नाही असं समजू नकोस. मायक्रोनेशियात एडमंड कलाऊ या जर्मन मिशनऱ्याने १९७०च्या दशकात पॅसिफिक मिशनरी एव्हिएशन उभं केलं. यापहून उलिथी, फाइस अशा बेटांवर त्यांच्या विमानांनी प्रवासी नेले, आजारी माणसांना आणलं, समुद्रात हरवलेल्या होड्या शोधल्या. तिकिटाचे पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. तुझा गट मात्र 'आम्ही सर्व काही मोफत करू' म्हणतो. किती दिवस मोफत?

एअरलाइनला नाही म्हणून टाकू का, असं विचारलंस. घाई करू नकोस. माझ्या मते दोन-तीन वर्षं तिथे उड, पगार साठव, आणि रजेत हँगरमध्ये मेकॅनिकच्या हाताखाली उभी राहा. हात काळे कर. बेटं कुठे जात नाहीत.

त्या लोकांकडून आधी या गोष्टी मागव: दोन्ही इंजिनांची लॉगबुकं, ओव्हरहॉलला उरलेले तास, एव्हगॅस कोण पुरवणार आणि कोणत्या जहाजाने, मेकॅनिकचं नाव, आणि तू आजारी पडलीस तर उडवणाऱ्या दुसऱ्या पायलटचं नाव. 'प्रभू पुरवील' असं उत्तर आलं तर माझ्या वतीने सांग, की प्रभूनेच बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय, बायबलात लूक १४ उघडा.

कागद आले की रविवारी आराधनेनंतर घरी ये. बाबांनाही घेऊन ये, त्यांना आकडे कळतात. नाही पाठवले, तरी मला कळव. मग मी स्वतः त्यांना फोन करीन.

तुझा,
काका