उतावळा स्कीअर, गुडघ्याला बाशिंग

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो आणि इकडे स्कीचे प्रश्न यायला सुरुवात होते, दर वर्षीचंच आहे. यंदा बहुतेकांचा सूर एकच, बर्फ फार कडक होता, घसरलो, आता कुठली नवी स्की घेऊ? म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच भोवतीचे घेतलेत. मी हिवाळ्यात दर शनिवारी एका स्कीच्या दुकानात ट्यूनिंगच्या, म्हणजे स्कीला धार लावायच्या, टेबलापाशी उभी असते, त्यामुळे लोकांच्या स्कीची काय अवस्था असते ते मला जरा जास्तच जवळून माहितीये, तेव्हा थोडं फटकळ बोलले तर राग मानू नका.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): ताई, या मार्चमध्ये आम्ही युटाला गेलो होतो, तिथे ढोपरभर पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ), रेंटलवाल्याने रुंद स्की दिल्या, इतकी मजा आली की सीझन संपताना सेलमध्ये तशाच घेऊन टाकल्या, कंबर १०४ मिलिमीटर. गेल्या वीकेंडला त्या घेऊन व्हर्मॉंटमधल्या किलिंग्टनला गेलो तर वळायला गेलं की सरळ बाजूला सरकत जातोय, पकडच नाही. बायको भाड्याच्या स्कीवर आरामात खाली उतरली आणि मी कडेच्या जाळीला टेकलेला. चूक माझी की स्कीची?

उत्तर: दोघांची, पण आधी स्कीचं बोलू, तुम्हालाही तेवढंच बरं वाटेल.

कंबर म्हणजे स्कीची मधली, बुटाखालची रुंदी. स्कीच्या बुटाचा तळवा पुढच्या बाजूला साधारण ६९ मिलिमीटर रुंद असतो, ते ठरलेलं माप आहे. आता ७० च्या आसपास कंबर असलेली स्की घेतलीत तर तिची स्टीलची एज, म्हणजे तळाची धारदार कड, बरोबर बुटाच्या कडेखाली येते. तुमच्या १०४ च्या स्कीची एज मात्र दोन्ही बाजूंना सतरा-अठरा मिलिमीटर बाहेर लोंबतेय. पावडरमध्ये याने काही बिघडत नाही, उलट तिथे तरंगायला रुंदीच हवी. पण कडक बर्फावर स्की फक्त त्या एका एजवर टेकते, खालून बर्फ तिला वर ढकलतो, स्की परत सपाट व्हायला बघते आणि ती सपाट होऊ नये म्हणून सगळा जोर तुमचा घोटा आणि गुडघा लावत असतो. पाण्याची भरलेली बादली अंगाला चिकटून धरली तर दोन मजले चढवता येते, तीच हात लांब करून धरा बघू. एवढाच हिशोब आहे. शिवाय रुंद स्की एका एजवरून दुसऱ्या एजवर यायला वेळ घेते, तोवर तुम्ही जाळीपाशी.

वहिनींच्या भाड्याच्या स्की बहुतेक ७५-८० च्या असणार, म्हणून त्या आरामात उतरल्या. (आणि कदाचित त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल, ती शक्यता मी उघडी ठेवते.)

दुसरी गोष्ट, पावडरच्या स्कीला पुढे आणि बऱ्याचदा मागेही रॉकर असतो, म्हणजे टोकं आधीपासूनच वर वळलेली. मऊ बर्फात बरं असतं ते, पण कडक बर्फावर तेवढी लांबी हवेतच राहते, म्हणजे पैसे १८० सेंटिमीटरचे दिले आणि पकडायला एज त्याहून बरीच आखूड. ईस्ट कोस्टला रोजच्या वापरासाठी जी स्की घ्याल ती बुटाखाली कॅम्बरवाली घ्या, जमिनीवर ठेवली की मधे कमान दिसते ती. तुम्ही वर उभे राहिलात की कमान दबते आणि एज टोकापासून शेपटीपर्यंत दाबून बसते.

तर आकडा किती? माझं मत विचारत असाल तर ईस्टमध्ये ७२ ते ८८, आणि फक्त ग्रूम केलेल्या, म्हणजे मशीनने सपाट केलेल्या, ट्रेलवर वळणं घेण्यातच तुम्हाला आनंद असेल तर आणखी खाली. किलिंग्टनला २०१६ पासून बरीच वर्षं थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला बायकांची वर्ल्ड कप रेस झाली, अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने तिथली स्लॅलम (खांबांमधून झटपट वळणं घेत उतरायची शर्यत) किती वेळा मारली ते मोजायला बोटं लागतात. या रेसच्या ट्रॅकमध्ये मुद्दाम पाणी मुरवतात, तो काचेसारखा व्हावा म्हणून, आणि त्या काचेवर या पोरी ज्या स्की वापरतात त्यांची कंबर साठ ते सत्तरच्या मधली असते. तुम्हाला रेसची स्की घ्या म्हणत नाहीये हां, ती आपल्यासारख्यांना दुपारपर्यंत दमवून टाकते. पण कडक बर्फावर ज्यांचं पोट चालतं ते काय वापरतात ते बघून ठेवावं.

१०४ विकू नका. परत युटाला जालच.

प्रश्न (त्याच वाचकाची पुरवणी, दोन दिवसांनी): दुकानात गेलो तर सेल्समन म्हणाला टायटॅनल पाहिजे, दोन शीट पाहिजेत. आणि 'मंत्रा' नावाची स्की दाखवली, नाव ऐकूनच घ्यावीशी वाटली.

उत्तर: मला हा मेल येणार याची खात्रीच होती. व्होल्कलची 'मंत्रा', ब्लिझार्डची 'ब्राह्मा', युरोपातल्या कंपन्यांना नावं आपल्याकडची लागतात आणि बर्फ मात्र त्यांच्याकडचा. दोन्ही चांगल्या स्की आहेत. पण मंत्रा ९६ ची आहे, ब्राह्मा ८८ ची, आणि तुमचा रोग आपण वर बघितलाच. नाव भक्तिभावाने वाचा, पण आकडा चष्मा लावून वाचा.

टायटॅनलला टायटॅनियम समजू नका, हे ॲल्युमिनियमचं मिश्रधातू आहे. स्कीच्या लाकडी गाभ्याच्या वर-खाली त्याचा पातळ पत्रा घालतात. कडक, खडबडीत बर्फावर वेगात गेलं की स्की थरथरते, आणि थरथरली की एज बर्फ सोडते. पत्र्याने ती थरथर मरते आणि स्कीला पीळ पडत नाही, पकड टिकते. पण पत्रा वजन आणतो आणि स्की ताठ करतो. नव्वद किलोच्या, वेगात जाणाऱ्या माणसाला दोन पत्रे हवेतच, पंचावन्न किलोच्या सावकाश जाणाऱ्या बाईने तीच घेतली तर तिला ती वाकवताच येत नाही आणि न वाकलेली स्की वळत नाही. मला स्वतःला एक पत्रा पुरतो.

प्रश्न (बॉस्टनजवळून): ताई, माझ्याकडे ७८ ची छान स्की आहे, पाच वर्षं झाली घेऊन, तरी यंदा बर्फावर ती अजिबात धरत नाही. नवीन घ्यायची वेळ आली का?

उत्तर: शेवटची धार कधी लावलीत? तुम्ही लिहिलं नाहीत त्यावरून समजले.

विळीला धार नसेल तर कोणी नवी विळी आणत नाही. आमच्या सांगलीच्या घरी गल्लीत धारवाला आला की आजी आधी विळी काढून द्यायची, मग बाकी सगळं. स्कीचं हेच आहे. एजवर अंगठ्याचं नख आडवं फिरवा (बोट नको, नख), नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे, नुसतं गुळगुळीत सरकलं तर तुम्ही दोन लोखंडी पट्ट्यांवर उभे राहून डोंगर उतरताय. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ स्की अशाच असतात, कोपऱ्यावर गंज, आणि मालक म्हणतो मॉडेल जुनं झालं.

दुकानात गेल्यावर दोन आकडे विचारा. एजचा तळाकडचा कोन आणि बाजूचा कोन. तळाला १ अंश आणि बाजूला २ अंश हे सर्वसाधारण, ईस्टच्या बर्फासाठी मी बाजूला ३ करून देते, एज जास्त टोकदार होते आणि चावते. तोटा असा की ती लवकर बोथट होते, म्हणजे घरी डायमंड स्टोनचा हात अधूनमधून फिरवायला लागतो, पाच मिनिटांचं काम आहे, टीव्ही बघता बघता होतं. तळाचा कोन मात्र स्वतः घासत बसू नका, तो एकदा वाढला की मागे आणायला पूर्ण तळ मशीनवर ग्राइंड करावा लागतो.

नवीन स्कीच्या पैशात हे ट्यूनिंग कित्येक वेळा होईल. आमच्या दुकानदाराला मी हे लिहिलेलं सांगू नका.

प्रश्न (एडिसनच्याच वाचकाच्या मुलीकडून, वय १३): फोनवर टेंपरेचर २ सेल्सिअस दाखवत होतं तरी माउंटनवर स्नो गन्स चालू होत्या. हाऊ? आणि तो स्नो एवढा हार्ड का असतो?

उत्तर: हा या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, बाबांना वाचून दाखव.

आजीकडे माठ बघितलायस ना? माठातून पाणी झिरपतं, वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार. हवा कोरडी असेल तर जास्त गार, आणि मुंबईच्या पावसाळ्यात माठ गार होतच नाही कारण हवेतच पाणी भरलेलं असतं. स्नो गन पाण्याचे अगदी बारीक थेंब हवेत उडवते, ते उडता उडता थोडे वाळतात आणि माठासारखेच गार होतात. अशा वाळण्याने पाणी जेवढं गार होऊ शकतं त्या तापमानाला वेट बल्ब म्हणतात आणि बर्फ बनवणारी माणसं तेच बघतात, फोनवरचं नाही. ते साधारण उणे २ च्या खाली गेलं की गन्स सुरू करता येतात. हवा २ सेल्सिअस असली पण आर्द्रता तीसेक टक्के असली तर वेट बल्ब तिथवर जातो. उलट शून्य डिग्री आणि धुकं असेल तर सगळे नुसते बसून राहतात.

कडक का? आकाशातून पडणारा बर्फ हळूहळू वाढतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांमध्ये हवा अडकते म्हणून तो भुसभुशीत. गनचा थेंब काही सेकंदांत बाहेरून आत गोठतो, साबुदाण्याच्या दाण्यासारखा गोल होतो, फाटे नाहीत, हवा नाही. ताज्या नैसर्गिक बर्फाचा एक घनमीटर शंभर किलोपर्यंत किंवा त्याहूनही हलका भरतो, मशीनचा चारशे-पाचशे किलो. त्यावर दिवसभर लोक घासतात, वरचा सुटा थर कडेला जातो, व्हर्मॉंटात नोव्हेंबरमध्ये मधूनच पाऊस पडतो, रात्री सगळं गोठतं. मग तुझे बाबा.

प्रश्न (डेन्व्हर): रूममेट्स म्हणतायत ओपनिंग डेला अरापाहो बेसिनला जाऊ. माझ्या स्की अगदी नव्या आहेत. जाऊ ना?

उत्तर: जा, पण त्या स्की घरी ठेव.

कोलोरॅडोमध्ये कोण आधी उघडतो याची चढाओढच असते, ऑक्टोबरमध्येच. ए-बेसिनचा पायथाच १०,७८० फुटांवर, त्यामुळे गन्स लवकर चालतात, पण उघडतो काय तर एक ट्रेल, दोन्ही बाजूंना तपकिरी गवत आणि मधे पांढरा पट्टा. तिकडचे लोक त्याला 'व्हाइट रिबन ऑफ डेथ' म्हणतात, थोडं गमतीने, थोडं खरंच. सकाळची दादरची लोकल उतारावर घातली तर कशी दिसेल तसं, फक्त इथे कोणालाच ब्रेक नीट येत नाहीत. पहिल्या तासाभरात जा, ग्रूमरच्या रेघा शाबूत असतील तोवर चार-पाच रन मारा आणि गर्दी झाली की सरळ नाश्त्याला जा. दोरीच्या पलीकडे पाच-सहा इंच ताजा बर्फ दिसेल, मोह होईल, जाऊ नको, खाली दगड आणि झाडांचे बुंधे आहेत.

मी हे केलंय म्हणून सांगते. पहिल्याच वर्षी, नव्या कोऱ्या स्की, सीझनचा पहिला दिवस, आणि ट्रेलच्या कडेला बर्फाखाली दगड. एवढा आवाज आला की लिफ्टवरच्या लोकांनी खाली बघितलं. उलटी करून बघते तर तळाला बोटभर लांब चर आणि आतला गाभा दिसतोय. पी-टेक्सची, म्हणजे तळाच्या प्लॅस्टिकची, कांडी मेणबत्तीसारखी पेटवून थेंब थेंब भरून घेतली, पण तो डाग अजून आहे. म्हणून जुन्या, रडक्या स्की फेकू नयेत, त्यांना रॉक स्की म्हणतात आणि नोव्हेंबरमध्ये त्याच घालतात. तुझ्याकडे नसतील तर भाड्याने घे. फक्त दुकानातून निघायच्या आधी नखाची टेस्ट कर आणि धार नसेल तर दुसरी जोडी माग, देतात.

उतरताना एवढंच बघ, जिथे निळसर-राखाडी चमक आहे तिथे वळू नको, ते तसंच शांतपणे पार कर आणि पुढच्या पांढऱ्या, खरखरीत पट्ट्यावर वळ. वजन बाहेरच्या पायावर. एज धरत नाही म्हणून तिला झटक्याने रुतवायला गेलास की ती आणखीनच सुटते, हळूहळू दाब वाढव.

प्रश्न (पुणे): आम्ही चौघं डिसेंबरच्या १८ तारखेला गुलमर्गला जातोय, पहिल्यांदाच स्की करणार. इथूनच ऑनलाइन स्की मागवून घेऊन जाऊ का?

उत्तर: अजिबात नको. स्की, बूट, पोल सगळं तिथे भाड्याने मिळतं आणि पहिल्या चार दिवसांत तुम्हाला काय आवडेल ते तुम्हालाच माहिती नसतं.

तारखेचं मात्र बघा. गुलमर्ग आकाशातल्या बर्फाच्या भरवशावर आहे, आणि चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होते. त्याच्या तीन दिवस आधी बर्फ असेलही, नसेलही. जानेवारी २०२४ मध्ये तर ऐन मोसमात उतार कोरडे पडले होते, फोटो सगळ्यांनी बघितलेत. सुट्टी हलवता येत असेल तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत न्या.

भाड्याने घेताना स्कीपेक्षा बुटाकडे जास्त लक्ष द्या, टाच उचलली जाता कामा नये, बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत. दुकानदार मोठा साइज देऊन दोन मोजे घाला म्हणेल, ऐकू नका. एकच पातळ लोकरी मोजा घालायचा. आईने विणलेले जाड मोजे हॉटेलात, कांगडीपाशी बसताना.