डबीवरचा आकडा कितपत खरा मानायचा?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकचा, नाणी जमवायला लागून सहाच महिने झालेत. गेल्या आठवड्यात ऑनलाइन १९१८ चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घेतला, सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत आहे, लेबलवर एमएस ६४ लिहिलंय. ओळखीतले एक काका म्हणतात ग्रेड फुगवलाय, दुसरे म्हणतात डबीच खोटी. कुणाचं खरं मानू? घरात आजोबांचे अजून सात-आठ रुपये आहेत, तेही ग्रेडिंगला बाहेरदेशी पाठवू का?

उत्तर: आधी एक सांगा, लेबलवर कंपनी कोणती आहे? तेच लिहायचं राहिलंय तुमचं. एमएस म्हणजे मिंट स्टेट, न फिरलेलं नाणं, आणि ६४ हा नाण्याच्या अवस्थेला दिलेला आकडा. तो ज्या मापावर देतात ती १ ते ७० ची शेल्डन स्केल १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी निघाली, आता ती सगळीकडे वापरतात, आणि ६० किंवा त्याच्या पुढे म्हणजे नाणं चलनात फिरलेलंच नाही. पण हा आकडा कुणीही छापू शकतं. पीसीजीएस १९८६ ची आणि एनजीसी १९८७ ची, या दोन अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांचं वजन आहे कारण तिथे एकाहून जास्त जण नाणं बघून ग्रेड ठरवतात आणि कंपनी त्याची हमी घेते. तुमची डबी यांच्यापैकी कुणाची असेल तर लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाका. नंबर सापडला म्हणून लगेच खूश होऊ नका हं, खोट्या डबीवर खरा नंबर उचलून छापतात, त्यामुळे साइटवर फोटो असेल तर एकेक चरा, एकेक काळा डाग आपल्या नाण्याशी जुळवून बघा.

डबी खरी निघाली तरी ग्रेड म्हणजे जाणकारांचं मत आहे. तेच नाणं परत पाठवलं तर ६३ चं ६४ होऊ शकतं, त्यामुळे एका आकड्यावरून काकांशी भांडू नका. नाणं वापरलेलं आहे का आणि कुणी ते घासलंय का, हे मात्र तुम्हाला घरी कळू शकतं आणि पैशाचा खरा फरक तिथेच पडतो.

खोलीत अंधार करा, एकच दिवा लावा आणि नाणं हळूहळू तिरकं करा. न फिरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. पॉलिश केलेलं नाणं स्टीलच्या वाटीसारखं सगळीकडून एकसारखं चकचकतं आणि भिंगातून बारीक समांतर ओरखडे दिसतात. मग राजाची भुवई, मिशी, मुकुट आणि अंगरख्यावरचा हत्ती बघा. हो, हत्तीच, १९११ च्या रुपयात सोंड आखूड होती म्हणून लोकांना डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. भुवईपासून हत्तीपर्यंतच्या या उंच जागा आधी झिजतात. हत्तीची पाठ सपाट आणि राखाडी दिसली तर ६४ विसरा. पाठ सपाट आहे पण त्यावर लस्टर, म्हणजे टाकसाळीतली मूळ चमक, तसंच आहे, तर ठसा कमजोर बसलाय, ती झीज नाही, आणि हे ओळखायला पन्नासेक रुपये हाताखालून जावे लागतात, घाई करू नका.

मी सुरुवातीला एका प्रदर्शनात सातव्या एडवर्डचा १९०७ चा रुपया घेतला होता, विक्रेत्याने पुठ्ठ्यावर पेनाने यूएनसी, म्हणजे न फिरलेलं, असं लिहिलेलं. घरी दिव्याखाली धरला, पट्टा फिरलाच नाही! त्या रात्री मला फार वाईट वाटलं. अजून जपून ठेवलाय, नवीन कुणी आलं की आधी तोच हातात देते.

आजोबांच्या रुपयांचं म्हणाल तर शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि आपल्याला ते असं देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंगसाठी सुद्धा नाही. म्हणजे १९१८ सारखे असतील ते घरातच राहू द्या. सोनाराच्या बारीक काट्यावर वजन करून घ्या, चांदीचा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडं कमी भरेल, पण बरंच कमी भरलं तर संशय घ्या. आणि कृपा करून चिंच, टूथपेस्ट, पितांबरी काही लावू नका, घरातल्या कुणालाही लावू देऊ नका! घासलेल्या नाण्याला या कंपन्या आकडा न देता नुसतं डिटेल्स लिहून परत करतात, आणि गेलेलं लस्टर परत आणता येत नाही.

नंबर तपासून मला कळवा, फोटो पाठवताना उजेड बाजूने टाका आणि हत्तीचा एक जवळून काढा.