'पाशवी वृत्तीचं रूपक' म्हणायचं की 'प्रतीक'?

प्रश्न असा आलाय: 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीवर लिहिताना एकाने "काठीवर खोचलेलं डुकरिणीचं मुंडकं हे माणसातल्या पाशवी वृत्तीचं रूपक आहे" असं वाक्य लिहिलं, तर तिथे रूपक हवं की प्रतीक, 'प्रतिक' लिहिलं तर चालेल का, आणि 'माणसाची काळी बाजू' हा शब्दप्रयोग मराठी वाटतो का.

शुद्धलेखनाचं आधी उरकून टाकतो. प्रतीक, ती दीर्घच, म्हणून प्रतीकात्मकसुद्धा दीर्घ. प्रतिमा, प्रतिनिधी, प्रतिसाद हे शब्द रोज टाईप करून हाताला ऱ्हस्वाची सवय लागते आणि मग 'प्रतिक' सगळीकडे दिसतं, पण चूक ती चूकच.

आता रूपक. शाळेत शिकलोय तेच, मुख चंद्रासारखं म्हटलं की उपमा, मुख जणू चंद्रच म्हटलं की उत्प्रेक्षा आणि थेट मुखचंद्र म्हटलं की रूपक. म्हणजे अमुक म्हणजेच तमुक, हिशोब तिथल्या तिथे मिटला. हेच लांबवत नेलं की अख्खं रूपकात्मक नाटक होतं, आणि वाईट प्रवृत्तींवरचं त्याचं फर्मास उदाहरण म्हणजे कृष्णमिश्राचं ११व्या शतकातलं संस्कृत नाटक 'प्रबोधचंद्रोदय'. त्यात एका बाजूला राजा विवेक, दुसऱ्या बाजूला महामोह आणि त्याची काम, क्रोध, लोभ, दंभ, अहंकार अशी सगळी फौज. लोभाची बायको कोण तर तृष्णा, क्रोधाची हिंसा! पात्र रंगमंचावर आलं की नावातच सगळं कळतं, डोकं खाजवायची गरज नाही. मला हे भारी आवडतं, पण प्रतीक म्हणजे हे नव्हे.

प्रतीक या शब्दाचे संस्कृतातले जुने अर्थ बघा, तोंड, दर्शनी भाग, अवयव. ऋग्वेदात अग्नीला 'घृतप्रतीक' म्हटलंय, म्हणजे तुपाने उजळलेल्या मुखाचा. टीकाकार पूर्ण श्लोक न देता त्याचा पहिला शब्द देऊन पुढे जातात, त्या शब्दालाही प्रतीकच म्हणतात. थोडक्यात समोर थोडंसं दिसतंय आणि बाकीचं मागे आहे, ते वाचणाऱ्याने आणायचं.

आता ते मुंडकं बघू. गोल्डिंगची ही कादंबरी १९५४ची, निर्मनुष्य बेटावर अडकलेली शाळकरी मुलं. शिकारी टोळीतली पोरं पिल्लांना पाजत पडलेली डुकरीण मारतात आणि तिचं मुंडकं दोन्ही टोकांना तासलेल्या काठीवर खोचून तिथेच ठेवतात, कारण जंगलात काहीतरी भयंकर जनावर आहे अशी त्यांची समजूत झालेली असते, त्याच्या वाट्याचं त्याला द्यायचं म्हणून. म्हणजे आधी ते भीतीपोटी दिलेलं अर्पण आहे. मग त्यावर माश्या बसतात. मग सायमन नावाचा मुलगा एकटाच त्याच्यासमोर बसलेला असताना ते त्याच्याशी बोलायला लागतं आणि सांगतं की ज्याला तुम्ही मारायला निघालात ते तुमच्यातच आहे. शिवाय कादंबरीचं नाव म्हणजे बील्झेबब या सैतानी नावाचा शब्दशः अर्थ, माश्यांचा स्वामी. एवढं सगळं त्या एका वस्तूला चिकटत गेलंय, 'म्हणजेच' लावून ते संपवता येत नाही. म्हणून प्रतीक. माश्यांनी काळं झालेलं आतड्यांचं ढिगुळं जे डोळ्यापुढे उभं राहतं, ती प्रतिमा, त्यावर वेगळं काही लिहायला नको.

एक गंमत जाता जाता, याच कादंबरीत पिगी नावाच्या मुलाच्या चष्म्याने आग पेटवतात आणि चष्मा हे बुद्धीचं, विज्ञानाचं प्रतीक मानतात, पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे भिंग अंतर्गोल, त्याने किरण पसरतात, आग कशी लागणार? विज्ञानाच्याच प्रतीकात विज्ञानाची चूक! तरी प्रतीक टिकलंय, कारण चष्मा गोष्टीत खराखुरा वापरला जातो, चोरला जातो, त्यासाठी मारामारी होते.

पण माझी खरी तक्रार रूपकाबद्दल नाहीच, 'पाशवी'बद्दल आहे. अहो, त्या प्रसंगात पशू कोण आहे? डुकरीण. तिने काय केलं? काही नाही, ती मारली गेली. पाशवी, राक्षसी, अमानुष हे शब्द आपण सहज वापरतो आणि तिन्ही शब्द वाईटपणा माणसाच्या बाहेर ढकलतात, जनावराकडे नाहीतर राक्षसाकडे. कादंबरी नेमकं उलटं म्हणतेय. स्टीव्हन्सन या लेखकालाही हा मोह आवरला नाही, त्याच्या १८८६च्या जेकिल-हाइडच्या कथेत भला डॉक्टर जेकिल औषध पिऊन दुष्ट हाइड बनतो, आणि त्या हाइडला त्याने माकडासारखा म्हटलंच. मला विचाराल तर त्या कथेतलं जास्त चांगलं प्रतीक म्हणजे दार. सुरुवातीला रस्त्यावरचं एक कळकट, पोपडे आलेलं दार दिसतं, ना घंटा ना कडी वाजवायची सोय, हाइड तिथून आत जातो. प्रतिष्ठित डॉक्टर जेकिलचं घर वेगळ्याच बाजूला, ऐटबाज. आणि नंतर कळतं की ते दार त्याच घराच्या मागचं आहे. एकाच माणसाच्या घराला दोन दारं, त्यात पशू कुठेच नाही.

त्यामुळे पाशवीऐवजी 'विकार' घ्या, तो मनातच होतो, बाहेरून येत नाही. किंवा सरळ नाव घ्या, क्रौर्य, भीती, सत्तेची हाव. मी वाक्य असं लिहीन: "काठीवर खोचलेलं ते मुंडकं मुलांच्या मनातल्या भीतीचं आणि त्या भीतीतून आलेल्या क्रौर्याचं प्रतीक आहे."

'काळी बाजू' इंग्रजीवरून आलेली दिसते पण रुळलीय, लेखात खुशाल वापरा. कथेतल्या पात्राच्या तोंडी मात्र देऊ नका, तिथे 'त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे' असंच माणूस बोलेल.